भरपूर

औषधांच्या दुकानात तिच्यापुढे उभ्या असलेल्या बाईनं पिशवीतून गोळ्यांची न फोडलेली पाकिटं काढून काउंटरवर ठेवली आणि दुकानदाराला म्हणाली, "ही परत घ्या. आता लागणार नाहीत." मागे उभी असलेली ती स्वतः डोकेदुखीची गोळी घ्यायला आली होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकून मान आखडली होती, आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडलं की उजेड डोळ्यांत टोचायचा, म्हणून दारातून येणाऱ्या उन्हाकडे पाठ करून ती उभी होती. 'लागणार नाहीत' ऐकल्यावर तिला वाटलं, माणूस गेला असावा. दुकानदारालाही तसंच वाटलं असणार, कारण त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "साहेब...?" "साहेब ठणठणीत आहेत," बाई म्हणाली, "पण आता त्यांना कळलंय की ह्या गोळ्या म्हणजे नसती ब्याद. रक्तवाहिन्या साफ ठेवणारं औषध आपल्या अंगातच असतं म्हणे. ज्यांच्या घराण्यात माणसं खूप जगतात त्यांच्या अंगात जास्त. ह्यांची आई नव्वदीपार गेली. मग? टीव्हीवर ती शास्त्रज्ञ बाई नव्हती का सांगत?"

ती शास्त्रज्ञ बाई तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी होती. केस कसेबसे बांधलेले, बोटांच्या पेरांवर लाल रंगाचे डाग, डोळ्यांखाली काळं. आणि तिला सगळ्यात आधी झाला तो आनंद. भीती नाही, आनंद. आपलं बोलणं एवढ्या लांब, अनोळखी घरात जाऊन पोचलं, कुणीतरी ते लक्षात ठेवलं, ह्याची गुदगुली झाली. ती एका श्वासापुरतीच टिकली असेल, पण ती आधी आली हे नाकारता येत नव्हतं, आणि पुढे सगळं घडून गेल्यावरही तिला छळत राहिली ती ही गुदगुलीच. भीती मागाहून आली. दुकानदार म्हणत होता, गोळ्या परत घेता येत नाहीत, आणि ताई, बंद करायच्या आधी डॉक्टरांना विचारा हो. बाई म्हणाली, विचारू की, पुढच्या खेपेला. आणि पाकिटं पिशवीत कोंबून निघालीसुद्धा.

डोकेदुखीची गोळी न घेताच ती बाईच्या मागे धावली. कोपऱ्यावर गाठलं. "अहो, जरा थांबता? तुमच्या यजमानांना गोळ्या बंद करू देऊ नका." बाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही कोण? डॉक्टर?" "हो. म्हणजे तसली डॉक्टर नाही. तुम्ही औषध म्हणता त्या प्रथिनावरच काम करते मी. ते अजून उंदरांपुरतंच आहे." "उंदरांपुरतं?" बाईला हसू आलं. "टीव्हीवरच्या बाईंनी उंदरांचं काही काढलं नाही." "काढलं होतं. टीव्हीवाल्यांनी ते कापलं." "तुम्ही बघितलात का कार्यक्रम? पुन्हा बघा. काय छान बोलत होती! तुमच्यासारखी घाबरलेली नव्हती." मग तिला म्हणावंच लागलं, "अहो, ती मीच." बाईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मऊ झालं. भर रस्त्यात कुणी बडबडायला लागलं की चांगली माणसं जशी मऊ होतात तसं. "असू दे, असू दे," तिच्या दंडावर थोपटत बाई म्हणाली. "घरी जा आता. ऊन लागलंय तुम्हाला." आणि गर्दीत मिसळून गेली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. काचेला डोकं टेकून ती बसली आणि बस हलली तशी तिच्या डोक्यातली ती मुलाखतही चालू झाली. मुलाखतीआधी एका मुलीनं तिच्या चेहऱ्यावर कसलासा लेप लावला होता, केस मोकळे सोडायला लावले होते. दिव्यांच्या झोतात तिला आपण दुसरंच कुणीतरी आहोत असं वाटलं, आणि ते दुसरं माणूस तिच्याहून कितीतरी बरं बोलत होतं. एरवी ती बोलायची ती अडखळत, प्रत्येक वाक्याला 'बहुधा' आणि 'अजून खात्री नाही' ही दोन कुलपं लावून. त्या दिवशी किल्ल्या कुठे ठेवल्या कोण जाणे. खूप म्हाताऱ्या, तरी धडधाकट माणसांच्या रक्तात एक प्रथिन जास्त सापडतं. ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला जपतं. उंदरांना ते वाढवून दिलं की त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर साचत नाहीत. हे सगळं खरं होतं. त्यातला उंदीर कापला गेला हेही खरं. पण मुलाखत घेणाऱ्यानं हसून विचारलं होतं, "म्हणजे बाई, अमृतच म्हणायचं की हे!" आणि ती म्हणाली होती, "अमृत नाही, पण..." आणि पुढे हसली होती. तो 'पण' कुणी कापला नव्हता, कुणी चिकटवलाही नव्हता. तो तिचा होता. घरोघर पोचला तो तो 'पण' आणि त्यापुढचं ते हसणं.

प्रयोगशाळेत त्या प्रथिनाला सगळे 'आजोबा' म्हणत. सकाळी आल्या आल्या कुणीतरी विचारायचं, काय, आज आजोबा कसे आहेत? उंदराची महाधमनी जाड दोऱ्याएवढी असते. ती उभी चिरायची, उलगडायची, काळ्या मेणावर केसासारख्या बारीक टाचण्यांनी टोचून पसरायची आणि लाल रंगात बुडवायची. जिथं चरबी साचलीय तिथं लाल डाग उमटतो. ज्या उंदरांना आजोबा मिळाले त्यांच्या धमन्या धुतलेल्या रिबिनीसारख्या फिक्या निघायच्या, आणि ज्यांना नाही मिळाले त्यांच्या धमन्या चाबूक ओढलेल्या पाठीसारख्या. आयुष्याची कितीतरी वर्षं तिनं त्या लाल डागांवर घालवली होती. आतून बघायची तिची नजर इतकी तयार झाली होती, की बाहेरून माणूस बघायची नजरच गेली की काय, असं तिला कधीकधी वाटायचं. दिव्याखाली अंधार, असं मामी म्हणायची ते गमतीनं. आणि मामीची आठवण आली तसं बसच्या काचेवर टेकलेलं तिचं डोकं एकदम ताठ झालं. मामा. मामाही तसल्याच गोळ्या घ्यायचा, आणि मामानं तो कार्यक्रम पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, सोसायटीतल्या सगळ्यांना बोलावून पाहिला होता. आणि मामाला तर तिनं टीव्हीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त सांगितलं होतं.

आई गेल्यावर ती मामाकडेच वाढली. मामा काचा बसवायचा. खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या. शाळेतून तिला घरी आणताना तो वर बोट दाखवत चालायचा, "ती तिसऱ्या मजल्यावरची माझी. ती गच्चीच्या दाराची माझी. ती फुटकी आहे ना, ती माझी नाही." अर्धं शहर मामाचं आहे असं तिला कितीतरी वर्षं वाटायचं. काच कापताना तो श्वास रोखायचा. हिऱ्याच्या टोकाचं ते छोटं हत्यार काचेवरून एकदाच, न थांबता जायचं, 'सर्रर' असा बारीक आवाज यायचा, मग तो अंगठ्यानं हलकेच दाबायचा आणि काच शहाण्या मुलासारखी सरळ दुभंगायची. म्हातारपणीही शेजारपाजारचे कुणी ना कुणी फोटोच्या चौकटी घेऊन यायचेच. पण गेल्या वर्षी त्याचा कामावरचा जोडीदार हृदयविकारानं गेला. दोघं जन्मभर एकाच काचेची दोन टोकं धरून जिने चढले होते. त्यानंतर मामा बोलायचाच थांबला. ताटावर बसायचा आणि घास चिवडत राहायचा. त्याच सुमारास तिच्या अभ्यासासाठी साधारण सत्तरीच्या, साध्यासुध्या माणसांचं रक्त हवं होतं, दीर्घायुषी लोकांच्या रक्ताशी ताडून बघायला. मामानं बाही वर केली. "घे, एवढं तरी उपयोगी पडू दे," म्हणाला.

रक्तातल्या प्रथिनाचा कुठला आकडा कुणाचा हे बघायचं नसतं. तिनं बघितलं. मामाचा आकडा पार तळाशी होता. त्या आकड्याचा नक्की अर्थ काय, हे अजून जगात कुणालाच सांगता आलं नसतं, तिलाही नाही. पण ज्या बाईनं त्या एका प्रथिनापायी निम्मं आयुष्य घालवलं तिला तो बघून निदान खटकायला हवं होतं. निदान मानेच्या रक्तवाहिन्यांची एक तपासणी करून घे, एवढं म्हणायला हवं होतं. ती मामाकडे गेली तेव्हा तो ताटावर बसून भिंतीकडे बघत होता. मामीनं डोळ्यांनीच खूण केली, बोल काहीतरी. आणि ती बोलली. "मामा, तुझ्याकडे ते भरपूर आहे. शंभरी गाठशील तू." मामानं मान वर केली. "भरपूर?" "भरपूर." "अरे देवा," मामी म्हणाली, "म्हणजे मला अजून तीस वर्षं ह्यांचा चहा करायचाय?" आणि मामा हसला. कितीतरी दिवसांनी हसला, आणि जेवला. ते दृश्य ती पुढे अनेकदा मनात काढून बघायची, आपण केलेली एक चांगली गोष्ट म्हणून. धोक्याची घंटा वाजत होती आणि आपण तिला घुंगरू बांधले, हे बसमध्ये तिला पहिल्यांदा कळलं.

ती घरी पोचली तेव्हा मामा खिडकीशी बसून चष्मा पुसत होता. "या शास्त्रज्ञ बाई! आज वाट कशी चुकलात?" मामी खाली शेजारणीकडे गेली होती. घरात धुतलेल्या कपड्यांचा वास होता. ती चपला काढतानाच म्हणाली, "मामा, गोळ्या घेतोस ना वेळेवर?"

"कुठल्या?"

त्या 'कुठल्या'तच सगळं आलं. तरी तिनं विचारलं, "चरबीच्या. आणि ती रक्त पातळ करायची छोटी."

"अगं शहाणे," मामा म्हणाला. लहानपणापासून तो तिला ह्याच नावानं हाक मारायचा. "तूच नाही का म्हणालीस, भरपूर आहे म्हणून?"

"गोळ्या सोड म्हणाले होते मी?"

"ते आपलं आपण समजायचं असतं. दारात विहीर असल्यावर नळाला रांग कोण लावतो?" तो मिस्कील हसला. "मामीला बोलू नकोस. ती बिचारी रोज वाटीत काढून ठेवते. मी त्या कुंडीत टाकतो." मग चष्मा उजेडाकडे धरून डोळे बारीक केले. "हा चष्मेवाला मात्र चोर निघाला बघ. नवी काच दिली, तरी मधूनच डाव्या डोळ्यापुढे पडदा येतो."

"कसा पडदा?"

"वरून खाली. दुकानाचं शटर ओढावं तसा. थोडा वेळ अंधार, मग पुन्हा उघडतं. काचेतच दोष आहे. मला काच कळते."

आपला आवाज साधा राहावा म्हणून ती खिडकीच्या चौकटीला धरून उभी राहिली. "चष्मा नसताना कधी आला होता?"

मामा बोलायला गेला आणि थांबला. चष्मा पुसणारी बोटंही थांबली. "काल," तो सावकाश म्हणाला. "आंघोळ करताना."

"ऊठ मामा. कपडे बदल. हॉस्पिटलात जायचंय."

"पडद्यासाठी हॉस्पिटल? उद्या चष्मेवाल्याकडे..."

"तो डोळ्याचा पडदा नाही. मानेतली रक्तवाहिनी तुंबली की तिथून कण सुटतात, ते डोळ्यात जातात. पुढचा डोक्यात जाईल."

"मला नाही असलं काही होणार. माझ्या रक्तात..."

"तुझ्या रक्तात नाहीये, मामा."

मामानं चष्मा चढवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. लहानपणी एखादी काच तिच्या हातून फुटली की असाच बघायचा, लागलं तर नाही ना हे आधी पाहायचं म्हणून. "थोडं तरी असेल," तो म्हणाला. ती म्हणाली, "थोडं सगळ्यांतच असतं. तुझ्यात फार कमी आहे." "मग तू..." "त्या दिवशी तू जेवत नव्हतास." मामा खिडकीबाहेर बघत राहिला. समोरच्या इमारतीच्या काचांवर उन्हं उतरत होती. "मी कितीजणांना सांगितलं," तो अखेर म्हणाला. "न्हाव्याला सांगितलं. खालच्या वॉचमनला सांगितलं. बसमध्ये एक बाई शेजारी बसली होती, तिलाही सांगितलं." मग उठला, शर्ट चढवला, बटणं चुकली ती तिनं नीट लावली. जिन्यात तिच्या खांद्यावर हात टेकवताना म्हणाला, "मामीला हे भरपूरचं सांगू नकोस हं. हसेल मला."

हॉस्पिटलच्या बाकावर कसल्याशा कागदावर सही करायची होती. मामानं पेन धरलं आणि ते बोटांतून निसटून खाली पडलं. त्यानं वाकून उचललं, पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. "पेन गुळगुळीत आहे," तो म्हणाला. पण 'गुळगुळीत' हा शब्द त्याच्या तोंडात मेणासारखा वितळला, आणि ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला. ती ओरडली. आपल्या आवाजाला तेवढी ताकद आहे हे तिला माहीत नव्हतं. मग पांढरे बूट, चाकांचा आवाज, एक सरकतं दार, आणि दाराबाहेर ती, हातात मामाचा चष्मा. वेळ होता तो असा नुसता साचत गेला. हॉस्पिटलात होता म्हणून निभावलं, असं नंतर सगळे म्हणाले. घरी असता तर गेलाच असता, किंवा उरला असता तो नसल्यासारखा. वाचा परत आली. ओठ सरळ झाला. काही दिवसांनी मानेची धमनी उघडून साफ केली. फक्त उजव्या हाताची बोटं परत यायला तयार नव्हती. चमचा धरायची, पण धरलाय हे विसरून जायची. हिऱ्याचं ते हत्यार त्या बोटांत पुन्हा कधी बसणार नाही, हे कुणी बोललं नाही. मामानंही विचारलं नाही. त्याचं ते न विचारणं ती रोज ऐकत होती.

शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर तिच्याहून लहान, चटपटीत, बोलताना केसांत पेन खोचणारी होती. तिनं एक बाटली आणून दाखवली. "तुमच्या कामाचं आहे, म्हणून म्हटलं दाखवावं." आत धमनीच्या फाट्याचा हुबेहूब साचा होता, मेणचट, पिवळट, काठाला चुन्यासारखा टणक, आणि एका बाजूला काळपट ओरखडा, जिथून कण सुटले होते. आयुष्यभर तिनं हे असंच काहीतरी बघितलं होतं, पण दोऱ्याएवढं आणि रंगवलेलं. ह्याला रंगवायची गरज नव्हती. हे तिच्या माणसाच्या गळ्यातून निघालं होतं. ज्या गळ्यातून त्यानं तिला हाका मारल्या, त्या गळ्यातून. "एवढं सहा महिन्यांत साचत नाही बरं," डॉक्टर म्हणाली. गोळ्या कधीपासून बंद होत्या हे तिनं कागदांत वाचलं असणार. "हे तीस वर्षांचं आहे." "आणि गोळ्या सोडल्यानं?" "वरचं कवच ठिसूळ होऊ शकतं. गुठळी धरायला सोपं जातं. पण ह्याच एका कारणानं झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही." हे वाक्य ती ओळखत होती. आपल्या प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी ती जवळजवळ हेच लिहायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणून तिनं ते पकडून बघितलं, संध्याकाळपर्यंत उराशी धरून ठेवलं. काडी बुडाली नाही, पण तिनं तिला तारलंही नाही. तीस वर्षं मामाची होती, सहा महिने तिचे होते, आणि मामाची बोटं गेली होती त्या सहा महिन्यांच्या टोकाला.

दूरचित्रवाणीच्या कचेरीत तिनं फोन केला. उंदरांचं राहून गेलं, गोळ्या कुणी बंद करू नका हे सांगायचंय, म्हणाली. पलीकडचा आवाज फार गोड होता. तो विषय आता मागे पडला, म्हणाला. पण नवीन काही शोध लागला तर जरूर कळवा. तिच्या संस्थेच्या प्रमुखांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तू म्हणतेस ते बरोबर आहे, आपण संस्थेतर्फे दोन ओळी छापायला देऊ. त्या छापूनही आल्या, वधूवरांच्या जाहिरातींच्या वर, एवढ्या बारीक अक्षरांत की मामाला नव्या चष्म्यानंही वाचता आल्या नसत्या. मामाचा आकडा आपण बघितला, हेही तिनं प्रमुखांना सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा कागददाब फिरवत राहिले आणि म्हणाले, रक्तनमुन्यांचं काम यापुढे दुसऱ्याकडे देऊ. ती हो म्हणाली. शिक्षा झाली तर हलकं वाटेल, असा तिचा समज होता. वाटलं नाही. ह्या शिक्षेत मामा कुठेच नव्हता.

दुपारच्या भेटीच्या वेळेला ती गेली तेव्हा मामी शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या बायकोशी बोलत होती. मामा डोळे मिटून पडला होता, उजव्या मुठीत स्पंजचा चेंडू. मुठीची उघडझाप चालू होती, म्हणजे जागा होता. "ही आमची भाची," मामी म्हणाली. "हिच्यामुळे वाचले हो हे. त्या दिवशी हिनं ओढत आणलं नसतं तर..." आणि मामीनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, कोरडे, गरम हात. मग शेजारणीकडे वळून, जरा आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू का, चूक माझीच. माझा स्वयंपाकाचा हात सैल. तेल काय, मीठ काय. डॉक्टर सांगतात तीस वर्षांचं साचलंय. तीस वर्षं ह्यांना वाढलं कुणी? मीच ना. मी आपल्या हातानं घातलंय ते ह्यांच्या गळ्यात. रात्रंदिवस मला तेच दिसतं बघा."

ते ऐकताना तिनं मामाकडे पाहिलं. मामानं डोळे उघडले होते. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्यानं बरोबर ओळखलं आणि उशीवरच मान हलवली, नको. तिला क्षणभर खरंच वाटलं, गप्प बसावं. त्याची इच्छा आहे, त्याचा मान आहे. आणि मग तिला कळलं की ही तीच युक्ती होती. आपलं खोटं पुन्हा एकदा त्याच्यावरच्या मायेत गुंडाळून ठेवायची. ह्या खेपेला त्याचा भार उचलत होती मामी, तीसच्या तीस वर्षांचा, आणि उचलतेय हे तिला ठाऊकही नव्हतं.

"मामी, इकडे बाहेर ये जरा," ती म्हणाली.

"इथंच बोल की. परकं कोण आहे?"

मग तिनं तिथंच सांगितलं. शेजारणीच्या, तिच्या नवऱ्याच्या, सलाइन बदलायला आलेल्या नर्सच्या देखत. आकडा बघितला ते सांगितलं, तो तळाशी होता ते सांगितलं. भरपूर आहे म्हणाले कारण मामा जेवत नव्हता. आणि मामानं गोळ्या सोडल्या त्या माझ्या त्या एका शब्दावर. तुझ्या मिठामुळे नाही. अडखळली, पण कुठेही 'बहुधा' म्हणाली नाही. मामानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. चेंडू गादीवरून घरंगळून खाली गेला, तो कुणी उचलला नाही.

मामीनं पहिला प्रश्न विचारला तो नवऱ्याला. "गोळ्या कुठं टाकत होतात?"

"कुंडीत," भिंतीकडे बघतच मामा म्हणाला.

"तरीच मेलं ते झाड," मामी म्हणाली. शेजारणीला हसू फुटलं आणि तिनं ते पदराआड केलं. मामी हसली नाही. तिनं खाली वाकून चेंडू उचलला, झटकला, मामाच्या मुठीत परत बसवला आणि त्याची बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली. शेवटचं बोट मिटवून झाल्यावर भाचीकडे वळली. डोळे कोरडे होते. एवढे कोरडे डोळे तिनं मामीचे कधी पाहिले नव्हते, आई गेली तेव्हाही नाही.

"तू माझ्या घरात वाढलीस," मामी म्हणाली. "त्यांना बरं वाटावं म्हणून मीही खोटं बोलते. रोज बोलते. पण माझ्या खोट्याला कोण विचारतो? तुझ्या शब्दावर ते जीव टाकतात, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," ती म्हणाली. हे तिला स्वतःलाही आत्ताच ऐकू आलं. ठाऊक होतं. म्हणून तर तो शब्द इतका गोड लागला होता.

"जा घरी."

"मामी, उद्या सकाळी मी..."

"उद्या येऊ नकोस."

मामानं भिंतीकडूनच काहीतरी पुटपुटलं. मामी म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." ती पिशवी खांद्याला लावून निघाली. खाटांच्या मधून चालताना सगळ्यांच्या नजरा पाठीवर जाणवत होत्या, आणि त्या जाणवताहेत हे बरं वाटत होतं. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून हाक आली. मोठ्यानं, सबंध वॉर्डाला ऐकू जाईल अशी.

"परवा ये. डबा तू आण. माझे पाय दुखतात रोज ये-जा करून. आणि मीठ बेतानं घाल, तुझा हात माझ्याहून सैल आहे."

ती मान हलवून बाहेर पडली. जिना उतरताना परवा म्हणजे कोणता वार ते ती आठवायला लागली, आणि तिला आज कोणता वार आहे हेच आठवेना. खालच्या पायरीवर एक म्हातारा धाप लागून टेकला होता. तिनं त्यालाच विचारलं.